पंखा बंद करा, मिरची सुटली!

आमच्या घरात दोन मिरच्या होत्या. एक पाट्यावर ठेचली जायची, आणि दुसरी आईच्या अंबाड्यावर बसून तिचे केस उपसायची. ही दुसरी मिरची म्हणजे मुठीच्या आकाराचा, गवतासारखा हिरवागार लव्हबर्ड. आज त्याला बजी म्हणतात. तेव्हा अमरावतीत कुणाच्या तोंडी हा शब्द नव्हता. त्याची जोडीदारीण पिवळीधमक, म्हणून तिचं नाव हळद. नावं मी ठेवली होती आणि ठेवताना घरातल्या कुणाला विचारलं नव्हतं. या दोघांना आमच्याकडे आणलं ते माझ्या मनोहरकाकांनी. काका अकोल्याला एका गॅरेजात मोटारी दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या कुणा गिऱ्हाइकाकडे या पाखरांची पैदास झाली होती. ऐन उन्हाळ्यात, पिंजऱ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळून, पिंजरा मांडीवर घेऊन ते बसनं आले. कंडक्टरनं म्हणे विचारलं, यांचं तिकीट? काका म्हणाले, "हे त उडतच येऊन राह्यले होते, म्याच म्हटलं उन्हात कायले जाता, बसा."

आमचं घर हार-फुलांचं. बाबांचं बाजारात फुलांचं दुकान, आणि त्या दुकानाचा सगळा कारखाना घरात. पुढची खोली म्हणजे झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, ओल्या पोत्यांखाली झाकलेला निशिगंध. सकाळी डोळे उघडण्याआधी नाकात फुलं शिरायची, आणि पाठोपाठ कानात सुईचा आवाज. हो, सुईलाही आवाज असतो. टपोऱ्या झेंडूतून लांब सुई आरपार जाते तेव्हा कच्च असं काहीतरी होतं, आणि आईच्या हातात ती इतक्या भराभर चालायची की कुणी काकडी खातंय असं वाटावं. आई बोलायला फटकळ, हातानं मात्र अतिशय हळुवार. पिंजरा बघून ती काकांना पहिलं वाक्य काय बोलली असेल? "मनोहरभौ, या घरात माणसाले पाय ठेवाले जागा नाई, आन् तुमी पाखरं घेऊन आले?" बाबांनी तर पिंजऱ्याकडे पाहिलंही नाही. "काहून बे मनोहर, अकोल्यात दुसरं काई भेटलं नाई काय?" एवढं बोलून ते दुकानात निघून गेले.

मी मात्र आनंदानं वेडी झाले होते. आठवीतली सुट्टी, घरात दुसरं भावंड नाही, आणि समोर दोन जिवंत, बडबडी, रंगीत पाखरं! काका दोन दिवस राहिले आणि तेवढ्यात त्यांनी मला सगळं शिकवलं. राळ्याचे दाणे किती घालायचे, पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं, आणि रोज थोडा वेळ दारं-खिडक्या लावून त्यांना खोलीत उडू द्यायचं. "पंखं हायेत त उडूच द्या लागते. नाई त पिंजऱ्यात बसूबसू मेंगळे होतात," ते म्हणाले. पण उडू द्यायचं म्हणजे कुठे? काकांनी गॅरेजातली गाडी तपासावी तसं आमचं घर तपासलं, आणि मी त्यांच्या मागे मागे फिरत राहिले. तोवर मला आमचं घर हे घर वाटत होतं. त्या दिवशी कळलं की पाखराच्या नजरेनं ते एक भलंमोठं जंगल होतं आणि कोपऱ्याकोपऱ्यात वाघ बसले होते.

पहिला वाघ छताचा पंखा. दुसरा, फुलं भिजत घालायचं पाण्यानं भरलेलं घमेलं. पाखरू त्यात उतरलं तर ओल्या पंखांनी वर येऊ शकत नाही. मग आरसा, कारण त्यातलं आकाश खरं समजून पाखरं वेगानं जाऊन आदळतात. मग चूल आणि कढई. मग उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल, आणि आईनं तव्यावर मिरच्या भाजायला घेतल्या की उठणारा तो खकाणा, ज्यानं आम्ही माणसंच शिंकून शिंकून अंगणात पळायचो. आमच्या घरात त्यात आणखी भर होती. महादेवासाठी कण्हेरीचे हार व्हायचे, आणि कण्हेर विषारी. कुठल्या फुलांवर शेतात औषध मारलेलं असायचं ते काही सांगता यायचं नाही. आणि दोरा! घरभर दोरा. दोऱ्याची गुंडाळी, दोऱ्याची तुटकी टोकं, फरशीवर, चटईत, आईच्या पदरात. काका म्हणाले, "वैनी, बाकी सारं चालते, पण या दोऱ्याले सांभाळा. यायचे पाय कसे हायेत पाहा. एक वेढा बसला त पाय गेला."

आई हार ओवत राहिली. पण दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर घमेल्यावर सुपाचं झाकण होतं, कण्हेरीची पाटी मागच्या पडवीत गेली होती, आणि आरशावर माझा जुना परकर टांगला होता. पाहुणे केस विंचरायला आले की परकर उचलून भांग पाडायचे आणि परत खाली सोडायचे. सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. फक्त पंख्याचं प्रकरण अवघड होतं. वऱ्हाडातला उन्हाळा! भिंतीला हात लावला तर चटका बसावा असा. त्यात दारं बंद, खिडक्या बंद, कूलर बंद आणि पंखाही बंद करून आम्ही तिघं खोलीत बसायचो, का तर मिरची-हळद उडताहेत. घामाच्या धारा लागायच्या. बाबा बनियन पिळत म्हणायचे, "यायच्या पाई आपलं भरीत होऊन राह्यलं." तरी उठून बटन दाबायचे नाहीत. एकदा आईनं चुकून हात वर केला तर तेच ओरडले, "पंखा बंद ठेव! वर कोण हाय पाहत नाई काय?"

बाबांचं खरं रूप मला एका पहाटे कळलं. ते बाजारात जायला लवकर उठायचे. पाणी प्यायला म्हणून मी आले तर बाबा पिंजऱ्यासमोर उकिडवे बसलेले, हातात ज्वारीचं कोवळं कणीस, आणि जिभेनं टाळ्यावर काहीतरी विचित्र आवाज काढताहेत. टक्-टक्-कुर्रर्र. मिरची मान वाकडी करून ऐकत होता, आणि मग त्यानं तस्साच आवाज काढून उत्तर दिलं. बाबा हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना फार कमी वेळा पाहिलंय. मी तशीच पाय न वाजवता मागे फिरले. त्यांचं हे गुपित मला मोडायचं नव्हतं.

आज माझी नात नागपूरला फ्लॅटमध्ये राहते आणि तिच्याकडेही बजी आहेत, निळे. व्हिडिओ कॉलवर ती मला पाखरं दाखवते आणि मी तिला घर दाखवायला लावते. खिडकीची जाळी लागलीय ना? कमोडचं झाकण? नॉनस्टिकचा तवा नुसता तापत ठेवू नकोस गं, माणसाला कळत नाही पण त्या धुरानं पाखरं जागच्या जागी मरतात. ती म्हणते, आजी, तू डॉक्टर आहेस का? नाही बाई. मी फक्त एका हारवाल्या घरातली पोरगी आहे. भीती मी आधी शिकले, शास्त्र नंतर वाचलं.

पाऊस सरता सरता हळद पिंजऱ्यातल्या मडक्यात शिरून बसू लागली. काकांनीच ते छोटं मडकं, बाजूला भोक पाडून, आत टांगलं होतं. एक दिवस ती दाणे खायला बाहेर आली तेव्हा मी टाचा उंचावून आत पाहिलं. अंडी! करवंदाएवढी, पांढरीशुभ्र. मी अंगणात धावत गेले आणि आईला मिठीच मारली. तिच्या मांडीवरची शेवंती सगळी उधळली. त्या दिवसापासून मिरचीचं काम वाढलं. तो दाणे खायचा, मडक्याच्या तोंडाशी जायचा आणि चोचीनं हळदीला भरवायचा. ती जवळजवळ बाहेर येईनाशीच झाली. आईनं मला सांगून टाकलं, "आता त्याले काई झालं त तिचं कसं होईल, हे ध्यानात ठेव." तिनंच पिंजऱ्याच्या वर सरकणाऱ्या दाराला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवला, कारण मिरची चोचीनं दार उचलायला शिकला होता.

आणि मग दसरा आला. ज्यानं फुलांच्या घरातला दसरा पाहिला नाही त्याला मी काय सांगू! आदल्या दिवसापासून घर पिवळं-केशरी होऊन जातं. शेजारच्या बाया हार ओवायला येऊन बसतात, गप्पा, हसणं, चहा, सुयांचा कच्च-कच्च. स्वैपाकघरात पुरण शिजतंय, त्याचा जायफळाचा वास झेंडूच्या उग्र वासात मिसळलेला. अमरावतीत अंबादेवीच्या दर्शनाला लोक लोटतात, आणि त्यातल्या अर्ध्या लोकांना फुलं आमच्याकडूनच हवी असतात असं मला तेव्हा वाटायचं. मदतीला काका अकोल्याहून आलेले. आंब्याच्या पानांची तोरणं सावलीत राहावीत म्हणून त्यांची टोपली आतल्या खोलीत, पिंजऱ्याशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवली होती. काकांनी हौसेनं पाखरांचं पाणी बदललं. मग बाबांनी हाक मारली, तोरणं काढा, रिक्षा आली. काकांनी टोपली उचलून सायकलरिक्षात ठेवली आणि बाबा दुकानाकडे निघून गेले.

थोड्या वेळानं मी ज्वारीचं कणीस घेऊन पिंजऱ्याशी गेले. हळद मडक्यातून डोकं बाहेर काढून ओरडत होती. तसं ती कधी ओरडत नसे. दार अर्धवट वर अडकलेलं, चिमटा खाली फरशीवर, आणि मिरची नाही.

"पंखा बंद करा! मिरची सुटली!"

माझ्या त्या ओरडण्यानं सगळं घर थिजलं. कुणीतरी बटन दाबलं, पण पाती थांबायला किती वेळ लावतात हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही सगळे वर बघत उभे, आणि ती आपली फिरताहेत, फिरताहेत. आईनं चूल विझवली, कढईवर ताट टाकलं. "कोणी उठू नोका! झेंडूत बसला असन त पायाखाली येईन," ती बायांना म्हणाली, आणि त्या बाया खरंच तशाच, हातात सुया धरून, पुतळ्यासारख्या बसून राहिल्या. मी घमेल्यात पाहिलं. आरशामागे पाहिलं. कूलरच्या जाळीत, माळ्यावर, पडवीत. कण्हेरीच्या पाटीतही हात घातला. काका कोपऱ्यात उभे, चेहरा पांढरा. "वैनी, चिमटा... म्या चिमटाच लावला नाई वो," ते म्हणाले. आईनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. "ते मंग बोलू. आधी शोधा."

मी पुन्हा पिंजऱ्याशी आले, कारण दुसरीकडे कुठे जावं ते सुचत नव्हतं. आणि मला फरशीवर काहीतरी दिसलं. टोपली जिथे होती तिथे हिरव्या पानांचे बारीक बारीक तुकडे पडले होते. मी एक उचलला. आंब्याच्या पानाची कड, झालरीसारखी कुरतडलेली! मिरची कागद कुरतडायचा तशीच.

"काका, तो तोरणात हाय! हिरवा हिरव्यात बसला, आपल्याले दिसलाच नाई!"

पुढचं सगळं आठवलं की आजही माझ्या पायात बळ येतं. काकांनी सायकल काढली, मी मागे कॅरिअरवर उडी मारली, आणि आम्ही सुटलो. दसऱ्याची गर्दी, नव्या कपड्यांतली माणसं, फुलं लावलेल्या गाड्या, आणि काका घंटी वाजवत, ओरडत, "सरका वो माय, सरका भौ," असे वाकड्यातिकड्या वाटेनं निघालेले. माझ्या डोक्यात एकच चित्र. बाबा टोपलीत हात घालताहेत, तोरण उचलून झटकताहेत, आणि मिरची भर बाजारात उडून जातोय. वर घारी फिरत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचंही टाळलं.

दुकानासमोर माणसांची भिंत होती. मी कॅरिअरवरून उतरून कोपरानं वाट काढली आणि जीव खाऊन ओरडले, "बाबा, तोरणाले हात नोका लावू! मिरची हाय टोपल्यात!"

बाबांचा हात टोपलीवर होता तो तसाच थांबला. त्यांनी एक शब्द विचारला नाही. निशिगंधावरचं ओलं फडकं ओढलं आणि टोपलीवर पसरलं. गिऱ्हाइकं कुरकुरली. कुणी म्हणालं, "अवो, आमाले पूजा करा लागते, मिरचीचं काय घेऊन बसले?" बाबा म्हणाले, "दोन मिनिटं गप राहा. माहं लेकरू हाय त्याच्यात." आणि मग, त्या सगळ्या बाजारासमोर, माझ्या गंभीर, अबोल बाबांनी टोपलीवर वाकून जीभ टाळ्याला लावली. टक्-टक्-कुर्रर्र.

काही नाही. मी फडक्याच्या कडेनं आत कान लावला. आत नुसती पानं. आम्ही पोचेपर्यंत टोपलीतली किती तरी तोरणं विकली गेली होती. बाबांनी पुन्हा केलं, जरा मोठ्यानं. लोक आता गप्प झाले होते, काय चाललंय हे न कळूनही.

कुर्रर्र.

बारीकसा आवाज आला, पण टोपलीतून नाही. मागून. आम्ही सगळे वळलो. नुकतंच तोरण घेऊन झेंडूच्या मापासाठी थांबलेली एक लुगड्यातली आजी हातातली कापडी पिशवी अंगापासून लांब धरून उभी होती. डोळे विस्फारलेले. "अवो बापा," ती म्हणाली, "माही पिशवी बोलून राह्यली!"

काय हशा पिकला! मी रडत होते आणि हसतही होते. एकजण पिशवीत डोकवायला पुढे झाला तशी आजीनं पिशवीचं तोंड आवळून छातीशी धरलं. "कोणी हात नोका लावू. उडून गेलं त कोण पकडीन? पोरी, तुहं घर कुठी हाय?" बाबांनी दुकान काकांच्या हवाली केलं, जे त्यांनी आजवर कुणाच्याही हवाली केलं नव्हतं, आणि तोरणं घेऊन आलेल्या त्याच रिक्षात आजीला बसवलं. एका बाजूला मी, एका बाजूला बाबा, मध्ये आजी आणि तिच्या मांडीवर पिशवी. ओळख ना पाळख, पण ती वाटभर पिशवीशी बोलत होती, "आलं हं घर, आलं."

घरी आईनं सगळी तयारी करून ठेवली होती. दारं बंद, खिडक्या बंद, बाया भिंतीला टेकून बसलेल्या. पिशवी उघडून तोरण हळूच बाहेर काढलं. मधल्या घडीत मिरची होता, पंख फिसकारलेले, चोच उघडी, आणि एका पायाला तोरणाचा दोरा वेढे घेऊन बसलेला. बोटं जांभळी पडली होती. मी त्याला मऊ फडक्यात धरलं. काकांनी शिकवलं होतं, छाती दाबायची नाही, पाखरू छाती हलवूनच श्वास घेतं. त्यानं माझ्या बोटाला असा काही चावा घेतला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मला इतका आनंद झाला! एवढी ताकद आहे म्हणजे वाचणार. आई वाकली. बारीक सुईच्या टोकानं तिनं दोऱ्याचा एक वेढा उचलला, खाली ब्लेडचं टोक सरकवलं आणि कापला. मग दुसरा. तिचा हात एकदाही हलला नाही. शेवटचा दोरा सुटला तेव्हा ती खाली बसली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.

मिरचीला पिंजऱ्यात सोडलं. तो जरा वेळ दुखरा पाय पोटाशी धरून बसला. मग दाण्याच्या वाटीशी गेला, घाईघाईनं खाल्लं, आणि एका पायावर उड्या मारत मडक्याच्या तोंडाशी पोचला. हळदीनं डोकं बाहेर काढलं. त्यानं तिला भरवलं. आजी टाळ्या वाजवायला लागली, बायाही. आईनं तिला पुरणपोळी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, आणि जाताना घरातलं सगळ्यात लांब तोरण तिच्या पिशवीत घातलं. मनोहरकाकांना रात्री जेवताना दोन पोळ्या जास्त वाढल्या. चिमट्याबद्दल पुढे कधीच कुणी बोललं नाही.

दसरा होऊन थोडे दिवस गेले असतील. एका पहाटे बाबांनी मला हलवून उठवलं. ओठांवर बोट. आई आधीच पिंजऱ्याशी उभी होती. आम्ही तिघांनी मडक्याला कान लावले, डोक्याला डोकं भिडवून. आतून इतका बारीक आवाज येत होता की आधी मला तो माझ्याच कानातला वाटला. ची. ची. मग थांबून पुन्हा, ची. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. कुणालाच तिथून हलवेना. उजाडलं, ऊन खिडकीत आलं, तरी आम्ही तिथेच.

त्या दिवशी बाबांनी दुकान खूप उशिरा उघडलं. नेहमीची गिऱ्हाइकं ताटकळून गेलेली. एकानं विचारलं, "काय भौ, आज एवढा उशीर?"

"घरी बाळंतपण होतं," बाबा म्हणाले.

"अरे वा! काय झालं? पोरगा का पोरगी?"

बाबांनी शेवंतीवर पाणी मारलं. "अजून डोये उघडले नाई त्यानं," ते म्हणाले. "उघडले का सांगतो."